उरलेला कंप

२ फेब्रुवारी २०१०, उरवडे
आज प्रसन्न चित्ताने येथे पोचलो. तर्कशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला भौतिकीच्या खासगी प्रयोगशाळेत काम मिळावे, ही माझी पुतणी मृण्मयी हिची करामत. तिचा प्रयोग मराठीत समजावून लिहायचा आहे. राहण्याची सोय आवारातच. स्वयंपाकाला सारजाबाई, चहा उत्तम. कंपवातामुळे माझे अक्षर वेडेवाकडे येते. मृण्मयी म्हणाली, काका, माझ्या प्रयोगातली पट्टीही अशीच थरथरते. दोघांनाही वळण लावू.

५ फेब्रुवारी
मूळ विधान असे : उष्णतेमुळे प्रत्येक वस्तू कापते. केसाहून बारीक धातूची पट्टी अतिशीत केली, की तिचा कंप ओसरतो. पण पूर्ण थांबत नाही. तो उरलेला कंप पाहायचा. मी ‘शीतयंत्र’ हा शब्द सुचवला. फ्रीजच म्हणा, नाहीतर वाचक पळतील, असे तिने बजावले.
माझा एक आक्षेप : पट्टी चौकटीला जोडलेली, चौकट टेबलाला, टेबल जमिनीला. मग पट्टी कुठे संपते, हे यंत्राला कसे कळते? ती हसली. सीमा आपण ठरवतो, म्हणाली.

१० फेब्रुवारी
फ्रीज सुरू झाला. पडद्यावर पट्टीचा कंप दाखवणारी रेषा बारीक झाली. माझा हातही कापत नाही. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी आनंद झाला.
मृण्मयीला चहा देताना सारजाबाई दचकली. पोरीचा हात लई गार हाय, जित्या माणसाचा वाटत न्हाई, असे मला बाजूला घेऊन म्हणाली.

१४ फेब्रुवारी
सारजाबाई काम सोडून गेली. हितं पानसुदीक हलंना, म्हणाली. वारा पडला असेल, असे मी सुचवले. पण शेजारच्या कारखान्याचा धूर तिरपा जात होता. कुंपणाच्या आत पाने स्तब्ध.
फ्रीज बंद कर, असे मृण्मयीला सांगितले. तिने नकारार्थी मान हलवली — फार सावकाश.

१६ फेब्रुवारी
मृण्मयी पडद्यासमोर बसून आहे. डोळे उघडे. श्वास नाही, नाडी नाही. पडद्यावरची रेषा मात्र कापते — ठोक्यांसारखी, थांबून थांबून. पट्टी अशी कापत नसते. तो कंप तिचा — तिचा उरलेला —
उष्णता परतली, तर ती परतेल. फ्रीज बंद करणारे लाल बटण दाबायचे, किंवा नाही. तिसरा पर्याय नाही.

नंतर
डावा हात बटणावर आहे. बटण दाबले जात नाही. हात हलत नाही —
उजवा लिहितो आहे. इतके सुबक अक्षर आयुष्यात —
पट्टी एकच. पडद्यावर आता रेषा दो