वर आणि वाट

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं म्हातारपणी आत्मचरित्र लिहायला बसतात, काही आठवत नाही, मग थापा मारतात. माझ्यावर ती वेळ नको.

बाईंनी सेमिनारचे विषय वाटले. माझा विषय : ‘वर आणि वाट’. बायबलमधला एक दृष्टांत आणि अभ्यासाला लावलेली कादंबरी, दोन्हींचा अर्थ लावून पेपर वाचायचा. तास संपल्यावर बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, गेल्या वर्षी याच पेपरात तू नापास झालास, यंदाही झालास तर एम.ए. विसर. मामा टपूनच बसलाय. त्याच्या नळ-पाइपांच्या दुकानात काउंटरला माणूस हवाय आणि आईने त्याला परस्पर शब्दही देऊन टाकलाय.

काळजीचं कारण नाही. गेल्या वर्षीच्या परीक्षकांना माझा पेपर झेपला नव्हता.

५ जानेवारी, आंघोळीनंतर
विषय उलगडला. वर म्हणजे वर, ऊर्ध्व दिशा. वाट म्हणजे मार्ग. आत्म्याची वर जाण्याची वाट! बाईंनी शीर्षकातच किल्ली ठेवली होती आणि वर्गात एकालाही दिसली नाही. (बाकीच्यांचे विषय वेगळे आहेत, ते सोडा.)

संकल्प : पहाटे पाचला उठणे. कादंबरी रोज पन्नास पानं. दृष्टांत मुळातून वाचणे. चहा कमी.

६ जानेवारी
साडेआठला उठलो. पाच ही दूधवाल्यांची वेळ आहे. अभ्यासकाने मेंदू जागा झाल्यावर उठावं.

९ जानेवारी
कादंबरी हातात घेतली. मागच्या कव्हरवर लिहिलंय की नायिका जहाजावर गेलेल्या माणसाची वर्षानुवर्षं वाट बघते. कव्हर लिहिणाऱ्यांना अक्कल कमीच. वाट बघते म्हणजे मार्ग शोधते, एवढं साधं त्यांना कळलेलं नाही.

अकराव्या पानावर जिना सापडला. नायिका छत्री विसरते आणि ती आणायला पुन्हा वर जाते. मी वाचन तिथेच थांबवलं. याहून भक्कम पुरावा पुढे असूच शकत नाही. शिवाय आख्खं पुस्तक वाचलं की दृष्टी बोथट होते. सरळ अर्थ काय, कुणालाही लागतो.

१३ जानेवारी
वर्गात पाद्रीबाबांची मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. दुसरी जागा रिकामी नव्हती असं म्हणाली. बरं. मी तिला माझा सिद्धांत समजावला, हातवारे करून जिना दाखवला. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, दृष्टांत वाचलायस का तू? मी म्हटलं, मी संहितेच्या मागे लागत नाही, तिला माझ्याकडे येऊ देतो. तर ती म्हणाली, “अरे, तो लग्नाचा आहे.”

लग्न. विषय तिने काढला, मी नाही. घरी पोचेपर्यंत कान गरम होते.

१४ जानेवारी
तिला न दुखावता सांगायला हवं. आधी एम.ए., मग पीएच.डी., मग बाकीचं. तोवर ती थांबते म्हणाली तर माझी हरकत नाही.

२० जानेवारी
वरच्या खोलीत चिंतन करत होतो. आई खालून हाका मारत राहिली, खाली ये, मामा आलाय. घरातले सगळे मला सतत खाली बोलावतात. पेपरात यावर तळटीप टाकणार.

मामाने सोफ्यावर बसल्या बसल्या चौकशी केली, बायबलचं काय शिकवतात तुम्हाला? मी ऊर्ध्वगमन सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “वर म्हणजे टाकी का?” आई हसली. या माणसाच्या हाताखाली मी आयुष्य काढायचं. त्याने माझ्यासाठी दुकानाची जादा किल्ली करून घेतलीय म्हणे.

२ फेब्रुवारी
पेपर झपाट्याने पुढे सरकतोय. शीर्षक झालं. अर्पणपत्रिका झाली. ऋणनिर्देश दोन पानं झाला, त्यातून आईचं नाव काढून पुन्हा घातलं. फॉन्ट अजून ठरत नाही.

८ फेब्रुवारी
मुख्य मजकूर एका बैठकीत लिहून काढला. छत्रीला क्रूसाचं रूप दिलं. उघडल्यावर ती तशी दिसत नाही, पण वाचकाने थोडे कष्ट घ्यावेत.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
उद्या सेमिनार. दृष्टांतातलं एखादं वाक्य पेपरात हवं असं लक्षात आलं. मोबाइलवर मिळालं असतं, पण संशोधकाने मोबाइलवर विसंबू नये. पाद्रीबाबांच्या मुलीकडे तिच्या बायबलच्या नोट्स मागितल्या. ती म्हणाली, उद्या माझाही पेपर आहे, माझे कागद मलाच लागतील, तू लायब्ररीत जा, अजून उघडी आहे, एका पानाची तर गोष्ट आहे. सूर तुटक होता. त्या दिवशी तिने लग्नाचं काढलं आणि मी गप्प राहिलो, ते तिच्या मनाला लागलं असणार.

चहा घेऊन लायब्ररीत पोचलो तर शिपाई कुलूप लावत होता. मी विनवण्या केल्या, गेली दोन वर्षं इथे येतोय म्हणून सांगितलं. त्याने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, मी नाही तुम्हाला कधी बघितलं. माणसं इतकी कोरडी कशी होतात कळत नाही.

१० फेब्रुवारी
पेपर वाचला. वाचताना हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तर चष्मा काढून डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी विचारलं, त्या दहा मुलींचं काय? मी म्हटलं, कुठल्या? ते म्हणाले, दृष्टांतातल्या. मी म्हटलं, त्या प्रतीकात्मक आहेत. ते म्हणाले, आणि वर? मी बोटाने छत दाखवलं. मागच्या बाकांवर कुणीतरी खोकल्यासारखं केलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “वर म्हणजे नवरदेव,” त्या म्हणाल्या. “आणि वाट म्हणजे वाट बघणं.”

मग बाईंनी गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. दहा मुली दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघत असतात. पाच जणींनी जादा तेल आणलेलं नसतं. त्या दुसऱ्यांकडे मागतात, त्या म्हणतात आमचं आम्हालाच लागेल, तुम्ही दुकानात जा. त्या जातात, तेवढ्यात नवरदेव येतो आणि दार बंद होतं. कितीही विनवलं तरी आतून उत्तर येतं, मी तुम्हाला ओळखत नाही. बाई हे सांगताना माझ्याकडे का बघत होत्या, ते कळलं नाही. माझा त्या मुलींशी काय संबंध?

मी म्हटलं, अर्थ बहुपदरी असतो. बाई म्हणाल्या, असतो, पण पहिला पदर तरी हातात हवा.

२४ फेब्रुवारी
निकाल. नापास. बाईंना भेटून आणखी एक संधी मागितली. त्यांनी नकारार्थी मान हलवली, रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पाद्रीबाबांच्या मुलीला पहिला नंबर.

२७ फेब्रुवारी
परीक्षापद्धतीवर लेख लिहायचा संकल्प. आईने वर येऊन शर्टाला इस्त्री करून ठेवली.

११ मार्च, दुकानातून
दुपारी गिऱ्हाईक नसतं. मामा जेवायला गेला होता. काउंटरवर दृष्टांत काढून वाचला, मोबाइलवरच. चहा निवायच्या आत संपला. कळला. मधे एकदाही थांबावं लागलं नाही. त्या पाच जणींचं वाचून झाल्यावर मी उगाच वॉशरचे डबे सरळ करत बसलो.

चारच्या सुमाराला पाद्रीबाबांची मुलगी आली. चर्चच्या हॉलमधला नळ गळतोय. मी वॉशर दाखवले. तिने विचारलं, वाचलास का शेवटी? मी म्हटलं, वाचला. ती म्हणाली, काय आहे त्यात? मी म्हटलं, “वेळ होता तेव्हा ज्यांनी तयारी केली नाही, त्या बाहेर राहिल्या.”

तिने एक वॉशर निवडून पुढे सरकवला. मग म्हणाली, “एवढं एक वाक्य बोलला असतास, तरी बाईंनी पास केलं असतं तुला. स्वतः म्हणाल्या त्या मला.”

मी वॉशर कागदात बांधून दिला. तिने तो पर्समध्ये टाकला, दारापर्यंत गेली, वळून म्हणाली, “येते.”

यावर बराच विचार करता आला असता. केला नाही. येते म्हणजे जाते.