दर गुरुवारी लातूर

१७ एप्रिल, गुरुवार

आज संध्याकाळी गाडी गल्लीच्या चढावरच दमली. मागून असा काळा धूर, की समोरच्या उमादेवींच्या गच्चीवरच्या कुरडया वाया गेल्या. त्या वरूनच ओरडल्या, "अक्का, ही गाडी हाय का वीटभट्टी?"

भागवतराव उतरून म्हणाले, "गाडीचं वय झालं, अक्का." मी म्हटलं, वय तुमचंही झालंय, तुम्ही नाही धूर सोडत.

फेब्रुवारीत गुडघा बदलला तेव्हापासून मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. गाडी भागवतरावांच्या हवाली केली ती एकाच कामासाठी – माझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे त्यांच्याच बायकोला, दर गुरुवारी लातूरला केमोला न्यायचं. गाडी अडली तर सिंधूची केमो अडेल. उद्या गॅरेज.

सिंधू मात्र बरी दिसते. डोक्यावर बारीक केस पुन्हा उगवताहेत. भागवतराव म्हणतात, औषध बदललंय, या नव्या औषधाने केस जात नाहीत. छान. विज्ञानाने निदान एवढं तरी केलं.

१८ एप्रिल

श्रीशैलचं गॅरेज. त्याचं ठरलेलं निदान – "मॅडम, डिझेलात भेसळ हाय." फिल्टर बदलला. धूर तसाच. मग मी म्हटलं, इंजिन जिथून हवा घेतं ती बाजू खोल. बस डेपोच्या वर्कशॉपात उभी नोकरी काढली, मला डिझेल शिकवू नकोस.

खोललं. शी! हवेच्या वाटेत अंगठा जाईना. काजळ एरंडेलात कालवून थापावं तसा काळा, ओला चिखल. श्रीशैल चमच्याने काढत होता आणि तो संपत नव्हता.

या गाड्यांत धुराचा थोडा भाग परत इंजिनातच सोडतात. त्याची काजळी आणि ऑइलची वाफ एकत्र आली की हा गाळ होतो. जुन्या गाडीत थोडा असायचाच. पण गाडी लांबच्या रस्त्याला तापून पळाली तर इतका साचत नाही. साचतो तो एका जागी तासन्‌तास चालू ठेवली की. चालू इंजिनावर एसीत डुलक्या काढणाऱ्या ड्रायव्हरांना मी किती मेमो दिले! नोकरीभर तेच केलं.

श्रीशैल म्हणाला, "पण ही तर दर हप्त्याला लातूर करून राहिली म्हणता?"

"हो."

"मग लातूर लई जवळ आलं म्हणायचं." आणि हसला.

मी हसले नाही. मीटर बघितला. जानेवारीत अहमदपूरहून लग्न आटोपून येताना तो लाख किलोमीटरच्या तोंडाशी आला होता. लाख झाला की पेढे, असं सिंधूला कबूल केलं होतं. अजून लाख झालेला नाही.

१९ एप्रिल

घरी कुणाला काही बोलले नाही. लातूरच्या हॉस्पिटलला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "फेब्रुवारीनंतर पेशंट आल्याच नाहीत, मॅडम. आम्ही दोनदा फोन केला. एक गृहस्थ म्हणाले, येतो."

गृहस्थ!

दर गुरुवारी पहाटे या नव्या गुडघ्यावर उभं राहून मी धपाटे थापते. डब्यात दही वेगळं. डबा संध्याकाळी घासूनपुसून परत. मला वाटायचं, हॉस्पिटलच्या नळावर धुतात बिचारे.

२० एप्रिल

भागवतरावांना गाठलं. पेपर हातातून काढून घेतला. "माझ्या बहिणीला कुठे नेता?"

खाली बघून म्हणाले, "मला शपथ घातली हाय, अक्का."

"कोणी?"

त्यांनी फक्त स्वयंपाकघराकडे बघितलं. आत सिंधू भाजी निवडत होती. भाजी निवडणं थांबलं होतं.

मी जिना चढून वर आले. जेवायला खाली गेले नाही.

२१ एप्रिल

सिंधू स्वतःच वर आली. जिन्यात दोनदा थांबली, मला ऐकू येत होतं. मी उठले नाही.

"इथंच, विष्णुपुरीला जातो आम्ही," ती म्हणाली. "धरणाकडं तोंड करून गाडी लावतात हे. ऊन सोसत न्हाई मला, म्हणून एसी. मी झोपते. उठले की पाणी बघते. धपाटे खाते."

"दिवसभर?"

"हाव."

"आणि केमो?"

"डॉक्टर म्हणले, घेतली तर दिवाळी बघाल. न्हाई घेतली तर पावसाळा. ओकत ओकत दिवाळी बघून काय करू, अक्का?"

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"तू मेमो काढला असतास."

आणि हसली. कॉन्व्हेंटात ही खोटं बोलायला लागली की आधीच हसू फुटायचं, सिस्टर लगेच पकडायच्या. आता खोटं न हसता बोलते. हसते खरं सांगून झाल्यावर.

मार्चमध्ये एका गुरुवारी रात्री तिला उलट्या होताहेत म्हणून मी तिच्या तोंडाशी घमेलं धरून बसले होते. पाठ चोळली. मग ते काय होतं, आज विचारलं. म्हणाली, "तुला संशय येऊ नये म्हणून."

खाली जा म्हटलं. गेली.

२२ एप्रिल

दोघंही माझ्या हातचं खात होते. रोज. आणि माझ्यासमोर नाटक करत होते. भागवतराव परके, त्यांचं सोडून देते. पण सिंधू? आई गेल्यावर हिची वेणी मी घातली. फी मी भरली. हिच्यासाठी डॉक्टर मी शोधला. आणि मरायचं ठरलं ते तेवढं मला कळायला नको!

दुपारी तिने भाताची खिचडी वर पाठवली. परत पाठवली.

२३ एप्रिल

गाडी आली. श्रीशैलने सगळं सुटं करून, भिजवून, खरवडून, धुऊन बसवलंय. आवाज एकदम मोकळा. म्हणाला, "मॅडम, आता उगं उभी ठिवून चालू ठिवू नका. पुन्हा तसंच व्हईल."

म्हटलं, माझ्या गाडीत पुन्हा होणार नाही.

घरी भागवतरावांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली पर्समध्ये टाकली.

२४ एप्रिल, गुरुवार

आज मी चालवली. गुडघा कुरकुरला. भागवतरावांना मांडीवर डबा देऊन मागे बसवलं – त्यांच्याशी अजून बोलत नाही. विष्णुपुरीला पाण्याकडे तोंड करून गाडी लावली. हात सवयीने किल्लीकडे गेला. शेजारी सिंधू डोळे मिटून बसली होती. हात मागे घेतला.

ऊन उतरेपर्यंत इंजिन चालूच होतं.