हुमणावरचा आळ

बाबा, तुम्ही काविळीने गेला नाहीत. मला हे गेल्या वर्षी कळलं. आत्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली, आणि तिच्या बाराव्याला मामाने मला अंगणात बाजूला घेतलं. "तुज्या बापाशीकय ताच होता. डॉक्टरान माका सांगलेला. ताईक सांगान काय करतलंय, म्हणान गप रवलंय."

मामाला हुमणाची, त्या माशाच्या कालवणाची गोष्ट माहीत नव्हती. कोरगावच्या वैदूचं औषध चालू होतं तुम्हाला, सकाळी उपाशीपोटी पाल्याचा रस, आणि मीठ, तेल, मासळी बंद. खाणीच्या ट्रकवरून घरी आलात की हातपाय धुण्याआधी टोपावरचं झाकण उचलणारे तुम्ही, तुम्हाला कसलं पथ्य मानवतंय. डोळे पिवळे, शर्ट अंगावर लोंबतोय, आणि आईला म्हणता, "वायच हुमण वाड गो." आई माझ्याकडे बघते आणि पेजेवर बांगड्याच्या हुमणाच्या दोन पळ्या घालते. तुम्ही डोळे मिटून खाता. त्याच महिन्यात तुम्ही गेलात. तेव्हापासून आईने मासळी तोंडात घातलेली नाही. "मियाच पथ्य मोडलंय," म्हणते, "माज्याच हातान गेले."

मामाचं ऐकून मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. वडील आणि आत्या, दोघांनाही हाच रोग, म्हणजे मला धोका जास्त, त्या म्हणाल्या. दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून काही होत नसतानाच शोधायचं. परवा एमआरआय झाला. त्या नळीत पडल्यापडल्या मला तुमचाच राग येत होता. रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "यंदा काही नाही. पुढच्या वर्षी परत या." आता वर्षभर पोटात जरा कळ आली की मी आरशात डोळे बघणार.

आईला मी पित्ताची तपासणी सांगितली आहे. तुम्ही कशाने गेलात ते तिला सांगितलं, तर इतक्या वर्षांचा आळ तिच्या हातावरून उतरेल. पण आत्या कशाने गेली ते तिला ठाऊक आहे. तुमचं नाव आत्याच्या शेजारी बसलं की ती लगेच माझ्याकडे बघेल, आणि मग पुढच्या प्रत्येक तपासणीला माझ्याआधी तीच मरेल.

आज जेवताना सांगायचं ठरवलं होतं. तिने मला बांगड्याचं हुमण वाढलं आणि स्वतः डाळभात घेऊन बसली. "पित्ताचा काय म्हणाले?" तिने विचारलं. काही नाही, म्हटलं, आणि बाबा, मी आणखी एक पळी मागून घेतली.