सेव्हियाचा एक गोल आणि माझ्या एकवीस वह्या

मी, पद्माकर विष्णू निमकर, वय सत्त्याहत्तर, निवृत्त हिशेबनीस, राहणार तोआ पायोह, सिंगापूर, हे पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या शुद्धीबद्दल घरात दोन मतं आहेत. कोणाचं दडपण नाही. पत्नी विनीता शेजारच्या खोलीत आहे, पण ते दडपण जुनंच असल्यामुळे धरलेलं नाही. याआधीचं माझं एखादं मृत्युपत्र कुठे सापडलंच, तर ते रद्द समजावं.

१. फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझ्यामागे तो कायद्यानेच विनीताचा होतो, मी इथे काहीही लिहिलं तरी. या घरात माझा शब्द कधीच शेवटचा नव्हता, तेव्हा नवल नाही. फक्त कॉरिडॉरमधला कढीपत्ता उपटू नये. समोरच्या मिसेस टॅन त्यातली पानं नेतात आणि मी न बघितल्यासारखं करतो.

२. सीपीएफचं, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीचं, नामांकन वेगळं केलेलं आहे. बँकेत जे असेल ते मुलगी मैत्रेयी हिचं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती माझ्यापेक्षा नीटनेटकी आहे, हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथे नोंदवतो.

३. नात वल्लरी हिला माझा कॅल्क्युलेटर, पोलादी पट्टी आणि लाल-निळ्या पेन्सिली.

४. मंडाईच्या स्मशानभूमीत दहन करावं. तेरा दिवस तोंड पाडून बसू नये. माझं छान झालं. एकच नोकरी, एकच बायको, एकच घर, आणि यातलं काहीही बदलून घ्यावंसं वाटलं नाही.

५. आता वह्या. १९८३ साली एका स्पॅनिश जहाजाचा अधिकारी आमच्या ऑफिसात फुटबॉलचं एक जुनं पुस्तक विसरून गेला. ते वाचता यावं म्हणून मी शब्दकोश घेऊन स्पॅनिश शिकलो. मग स्पेनच्या पहिल्या विभागाचा, १९३९-४० पासून १९५९-६० पर्यंतचा, प्रत्येक सामना हाताने लिहून काढला. एका हंगामाला एक वही, अशा एकवीस. वल्लरी म्हणते, "आजोबा, ऑल धिस इज ऑनलाइन लाह!" असेल. माझं अक्षर ऑनलाइन नाही.

या एकवीस वर्षांत सेव्हिया हा संघ चार वेळा दुसरा आला आणि एकदाच पहिला, १९४६ साली. शेवटचा सामना बार्सिलोनाच्या मैदानावर होता, बरोबरी पुरेशी होती आणि एक-एक अशी बरोबरीच झाली. मी सेव्हियाचा झालो. माझा मित्र निशिकांत गद्रे बार्सिलोनाचा. तीस वर्षं दर शनिवारी आम्ही या वह्यांवरून मनसोक्त भांडलो.

२०१४ च्या गणपतीत त्याने १९५०-५१ ची वही उघडली. शेवटच्या दिवशी सेव्हियाने अ‍ॅटलेटिको माद्रिदला हरवलं असतं तर विजेतेपद सेव्हियाचं होतं. सेव्हियाचा एक गोल नाकारला गेला आणि सामना एक-एक सुटला. मी वहीत दोन-एक लिहिलं होतं, गुणतक्ताही त्याप्रमाणे फिरवला होता. निशिकांत सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "पद्या, अरे जन्मभर हिशेब लिहिलेस आणि इथे लबाडी?" मी म्हणालो, "आवडत नसेल तर येत जाऊ नकोस." तो मोदक न खाता उठला. तेव्हापासून अकरा वर्षं आला नाही.

तो बरोबर होता. चोराच्या उलट्या बोंबा होत्या त्या माझ्या. मला त्याची फार आठवण येते. नाकारलेला गोल मी आता खोडला आहे आणि तक्ता दुरुस्त केला आहे. सर्व एकवीस वह्या निशिकांतला द्याव्यात.

६. इथपर्यंत मंगळवारी टाइप केलं होतं. हे कलम सही करण्यापूर्वी हाताने लिहीत आहे. साक्षीदार म्हणून मैत्रेयीचा मित्र तन्मय येणार होता, तो जकार्ताला गेला. विनीताने मला न विचारता निशिकांतला फोन केला. आज तो काठी टेकत आला, खुर्चीत बसला आणि सगळा मसुदा वाचला. पाचव्या कलमावर फार वेळ थांबला.

मैत्रेयी म्हणाली, "काका, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. तुम्ही सही केलीत तर वह्या गेल्या. मी दुसरं कोणीतरी बघते."

निशिकांतने चष्मा पुसला. "हा मेल्यावर मी वह्या घेऊन भांडू कोणाशी?" असं म्हणून त्याने माझ्याच खिशातलं पेन काढलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हेही नोंदवतो.

तेव्हा वह्या आता वल्लरीच्या. पाचव्या कलमातली कबुली मात्र तशीच राहू द्यावी.

आम्ही तिघांनी एकाच वेळी, एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

तोआ पायोह, सिंगापूर
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

(सही) पद्माकर विष्णू निमकर

साक्षीदार पहिली: (सही) क्षिप्रा देवस्थळी, शेजारीण

साक्षीदार दुसरा: (सही) निशिकांत गद्रे, बिशान. वह्यांवर माझा काहीही हक्क नाही. शनिवारी दहाला येतो, टेबलावर काढून ठेव.