नव्या स्पीडब्रेकरवरचे पांढरे पट्टे

प्रिय पुढचे काका,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. सहा वर्षं आपण एकाच ॲम्ब्युलन्सवर होतो, तुम्ही पुढे स्टिअरिंगवर आणि मी मागे पेशंटपाशी, आणि त्या सहा वर्षांत आपण समोरासमोर बसून फारच कमी बोललो असू. तुमचा आवाज मला मधल्या खिडकीतून यायचा, माझा तुम्हाला. तुम्ही मला ‘मागची’ म्हणायचात, मी तुम्हाला ‘पुढचे’. फोनही केला असता, पण फोनवर तुम्ही विषय बदलता आणि मी तो बदलू देते. येत्या गुरुवारी चालकांच्या वार्षिक तपासणीला तुम्ही आमच्या प्रशिक्षण केंद्रात येणार आहात. यादी काल माझ्या टेबलावर आली, आपली गाडी सातव्या क्रमांकावर आहे. त्या गुरुवारच्या आधी तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तुमच्या गाडी चालवण्याबद्दल आहे, म्हणून ती मी शेवटाकडे ठेवली आहे. सुरुवातीलाच सांगितली तर तुम्ही कागदाची घडी घालून काकूंच्या हातात द्याल आणि गाडी धुवायला जाल.

मागच्या महिन्यात तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही विचारलंत, “खुर्चीत बसून करतेस तरी काय दिवसभर?” मी हसून वेळ मारून नेली. काकूही हसल्या. पण तुमचा प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो दिव्यावर धरून दहा किलोच्या वर काही उचलायचं नाही असं सांगितलं, त्या दिवशी मला वाटलं होतं की संपलं सगळं. स्ट्रेचर उचलता येत नाही त्या टेक्निशियनला कोण ठेवून घेणार? तेव्हा तुम्ही खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, माझ्याकडे न बघता, म्हणाला होतात, “उचलायला काय, कोणीही उचलतो. तू बघतेस. बघणाऱ्याला काम मिळतं.” ते वाक्य घेऊन मी पहिल्या मुलाखतीला गेले. हे तुम्हाला कधी बोलले नव्हते.

ती मुलाखत काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातली होती. तिथे प्रथमोपचाराची एक खोली, एक खाट, एक कपाट आणि मी. तुम्ही म्हणाला होतात की तिथे मला गंज चढेल. पहिले दोन आठवडे चढलाही. भट्टीवरचा एक धिप्पाड मुकादम रोज अकराला रक्तदाब तपासून घ्यायला यायचा. रोज एकशेवीस-ऐंशी. चौथ्या दिवशी मी विचारलं तर म्हणाला, “ताई, दाब ठीक आहे, माहीत आहे मला. तुमच्या खोलीत पंखा बरा आहे.” मी त्याला रोज पाच मिनिटं बसू द्यायचे आणि वहीत ‘तपासणी’ असं लिहायचे. पण त्याच वहीत एक दिवस मागची पानं चाळताना दिसलं की महिन्यात हात कापून आलेल्या सोळा जणांपैकी अकरा जण बाटल्यांच्या एकाच सरकत्या पट्ट्याच्या एकाच वळणावर काम करणारे होते. मी वही घेऊन व्यवस्थापकाकडे गेले. तिथे जाळी बसली. पुढच्या महिन्यात त्या वळणावरून दोघेच आले. काका, आपण दोघांनी सहा वर्षं अपघात झाल्यावर पोचायचं काम केलं, आणि लवकर पोचलो म्हणून खूश व्हायचो. त्या कारखान्यात मी पहिल्यांदा अपघाताच्या आधी पोचले. माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण काही घडलंच नव्हतं. पण त्या दिवशी घरी जाताना मला कळलं की मी ॲम्ब्युलन्समधून उतरले असले तरी कामातून उतरलेले नाही.

मधल्या काळात दोन रविवार धावण्याच्या शर्यतींत तंबू लावून बसले. तिथे मुख्यतः पायांचे फोड आणि नवऱ्याला धावायला लावून स्वतः सावलीत बसलेल्या बायकांचे सल्ले. मग कंट्रोल रूम. चार महिने कानाला हेडफोन. तिथे मी एका बाईला फोनवरून तिच्या सासऱ्यांची छाती दाबायला लावली, सहा मिनिटं, तिच्याबरोबर आकडे मोजत. फोन ठेवल्यावर माझेच तळहात दुखत होते. त्याच खोलीत रेडिओवर तुमचा आवाज यायचा. बाकीचे चालक “लोकेशनवर पोचलो, ओव्हर” वगैरे म्हणायचे. तुम्ही नुसतं “पोचलो” म्हणायचात, आणि त्या एका शब्दावरून मला रस्ता कसा होता ते समजायचं. शेजारची मुलगी विचारायची, हे कोण, इतके तुसडे? मी म्हणायचे, तुसडे नाहीत गं, मोजून बोलतात. माझ्याबद्दलही लोक असंच काहीतरी विचारत असावेत.

आणि आता हे केंद्र. इथे रबरी पुतळे आहेत. त्यांना नाडी आहे, घाम येणं सोडलं तर ते सगळं करतात. एका जुन्या गाडीची केबिन कापून आम्ही ती स्प्रिंगांवर बसवली आहे, म्हणजे ती हलते, आणि मागे उभं राहून काम कसं करायचं ते मी शिकवते. चालकांनाही शिकवते. काय शिकवते ते ऐकून तुम्ही हसाल. तुमचं ओरडणं शिकवते.

तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंत की मागे उभा असलेला माणूस आंधळा असतो, त्याला रस्ता दिसत नाही, म्हणून पुढच्याने बोलत राहायचं. डावं. उजवं. ब्रेक लावतोय. आणि तुमचे ते स्पीडब्रेकर. शाळेसमोरचा ‘मास्तर’. बाजाराजवळचे ‘जुळे’. पुलाच्या आधीचा उंच तो ‘सासरे’, कारण तिथे मान खाली घातल्याशिवाय सुटका नाही. एकदा एका पोटदुखीच्या आजोबांनी तुमचं “सासरे आले” ऐकून स्ट्रेचरवरच अंग सावरून पांघरूण नीट केलं होतं, आठवतं? मी एका हाताने वरची दांडी धरायचे, गाडी उचलली जायची, बसायची, आणि माझ्या दुसऱ्या हातातली सुई जागची हलायची नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. बाकीच्या गाड्यांवरच्या मुली विचारायच्या, तुला निळे डाग कसे पडत नाहीत?

हे मला इथल्या नव्या चालकांना शिकवता येत नाही. एक जण स्टेशनवरच्या घोषणेसारखं बोलतो. दुसरा गाडी उडाल्यावर सांगतो की स्पीडब्रेकर होता. मी शब्द सांगू शकते, पण किती सेकंद आधी, कोणत्या आवाजात, हे पुढे बसलेल्या माणसानेच शिकवायला हवं. केंद्राच्या प्रमुखांना मी हे लेखी कळवलं आहे. चालक प्रशिक्षकाची एक जागा मंजूर झाली आहे. ती रिकामी आहे.

आता ती गोष्ट.

तुम्हाला ती दुपार आठवते, मला माहीत आहे. स्ट्रेचरवर साठीचे गृहस्थ, हृदय थांबलेलं, मी उभी राहून छाती दाबत होते. पट्टा लावून छाती दाबता येत नाही. गाडी डावीकडे कारखान्याच्या रस्त्याला वळली आणि काही न बोलता उडाली. मी कपाटाच्या कडेवर आपटले. मॉनिटरच्या कागदावर बारा सेकंदांची सपाट रेघ आहे, तो कागद मी जपून ठेवला आहे. मग मी गुडघ्यांवर बसून पुन्हा सुरू केलं. ते गृहस्थ नवव्या दिवशी चालत घरी गेले, हे आपलं नशीब. त्याचं श्रेय मी स्वतःला दिलेलं नाही आणि तुम्हालाही देणार नाही. तुम्ही नंतर तीन आठवडे रोज हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभे राहायचात. खुर्ची असून बसायचा नाहीत. एकच वाक्य म्हणायचात, “नवा होता गं. कालच केलेला. रंगसुद्धा दिला नव्हता मेल्यांनी.” अपघाताच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: चालकाने पूर्वसूचना दिली होती का? मी ‘हो’ लिहिलं. खाली लिहिलं की तोल माझ्या चुकीने गेला. मी आजवर कुठल्याही फॉर्मवर खोटा आकडा लिहिलेला नाही, तुम्हाला माहीत आहे. तेवढं एकच उत्तर.

दोन महिन्यांनी, कंबरेला पट्टा बांधून, मी ती जागा बघायला गेले. स्पीडब्रेकरवर पांढरे पट्टे होते. समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला विचारलं, हे कधी रंगवले? तो म्हणाला, केला त्याच दिवशी, अहो, माझ्या दारात डबा सांडला होता त्यांनी, तो डाग बघा. डाग मी बघितला. मग एकेक आठवत गेलं. डावा आरसा त्या वर्षात दोनदा बदलावा लागला होता. गाडीतून उतरताना उघड्या दाराची कड तुमच्या डाव्या खांद्याला दोनदा लागली. आणि मास्तर, जुळे, सासरे तुम्ही कधीच चुकला नाहीत, कारण ते तुमच्या डोक्यात होते. डोळ्यांनी बघायची गरजच नव्हती. चुकला तो नवा, डोक्यात नसलेला.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. मी स्वतःला सांगितलं की मी डॉक्टर नाही, एका घटनेवरून निष्कर्ष काढू नये. ते कारण बरोबर होतं आणि खरं नव्हतं. खरं हे की व्हरांड्यात उभे असलेले तुम्ही मला दिसत होतात, आणि गाडीशिवाय तुम्ही कुठे उभे राहाल ते मला दिसत नव्हतं.

गेल्या महिन्यात तुमच्या गाडीवरच्या नव्या ताई उजळणीला आल्या होत्या, त्या वॉर्डातून आलेल्या, दोन मुलांची आई. तुमचं किती कौतुक. “काका एकेक खड्डा सांगतात हो,” म्हणाल्या, “फक्त नवीन केलेले तेवढे चुकतात त्यांचे.” हसत म्हणाल्या. त्यांच्या कोपरावर निळा डाग होता. शहरात सध्या अर्ध्या रस्त्यांचं काम चालू आहे. त्या आठवड्यात मी तुमच्या घरी आले. काकूंनी चहा आणला तेव्हा तुमचा कप मी उचलून तुमच्या डाव्या हाताशी ठेवला. तुम्ही चार मिनिटं चहाची वाट बघत होतात. मग काकूंना म्हणालात, “मला नाही का?” मी कप पुढे सरकवला आणि कारखान्यातल्या मुकादमाचा किस्सा सांगितला. ती तपासणी होती. तुमच्या घरात, तुमचा चहा पिताना केली, त्याबद्दल मला माफ करा.

गुरुवारी तुम्ही पास व्हाल. इथला तक्ता भिंतीवर समोर असतो, तुम्ही शेवटची ओळसुद्धा वाचाल. कडेचं दिसतं का ते कोणी विचारत नाही. मग फॉर्म सहीसाठी माझ्याकडे येईल, त्यावर चालकाच्या नजरेबद्दल एक रकाना आहे, आणि या वेळी मी ‘हो’ लिहिणार नाही. हे तुम्हाला माझ्या तोंडून आधी कळावं म्हणून हे पत्र. पण गुरुवारच्या आधी मंगळवार आहे. मंगळवारी सकाळी साडेदहाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी तुमची वेळ घेतली आहे, कडेची नजर मोजायचं यंत्र त्यांच्याकडे आहे. काचबिंदू असला तर गेलेलं परत येणार नाही, पण राहिलेलं थांबवता येतं, आणि एक वर्ष मी आधीच घालवलं आहे. तुम्ही स्वतः तपासून घेऊन कळवलंत तर फॉर्मवर ‘चालकाने स्वतः कळवले’ असं लिहिता येतं, आणि तसं लिहिलेल्या माणसाला खात्यातच दुसरं काम देण्याचा नियम आहे. तो मी दोनदा वाचून खात्री केली आहे. ती रिकामी जागा मी त्यासाठीच मागितली होती. खुर्चीची नाही, उभं राहून ओरडायची आहे. येणार नसाल तर तसं कळवू नका, मी तरीही सव्वादहाला दवाखान्याच्या दाराशी असेन. काल जाऊन बघून आले. फाटकातून आत आल्यावर तीन पायऱ्या आहेत, तिसरी थोडी उंच, आणि डावीकडे कठडा नाही. मी त्या बाजूने चालेन. प्रत्येक पायरी आधी सांगेन.

तुमचीच,
मागची