टॅलमन काउंटीचं दप्तर

ब्रॅकनेल,
रविवार

ती. ताईस,

धाकट्या ज्ञानूचा साष्टांग नमस्कार. (खराच घातला; उठताना आसावरीला हाक मारावी लागली.) तुझे गुडघे काय म्हणतात? मी पाठवलेला पट्टा लावतेस, की नेहमीसारखा शेजारणीला देऊन टाकलास? इथे आम्ही सगळे खुशाल आहोत आणि आमच्या लेकीचं, पूर्वीचं, लग्न मोडलेलं नाही. हे वाक्य लिहिताना मला किती हायसं वाटतंय, ते पुढे वाचशील तेव्हा कळेल.

कार्डिफच्या हॉस्पिटलात पूर्वीबरोबर काम करणारा वेस्ली तुला ठाऊकच आहे (फोनवर तुला ‘आत्या’ म्हणाला होता आणि तू दोन दिवस विरघळली होतीस). त्याचे आईवडील अमेरिकेहून आम्हाला भेटायला येणार म्हणाले. आता आपली रीत काय? सोयरीक करायची तर आधी मूळ गाव विचारायचं. विचारलं. पोरगा म्हणाला, टॅलमन काउंटी, नेब्रास्का. काउंटी म्हणजे आपला तालुका समज, फक्त त्यातली माणसं काढून टाकलेली. पुण्याचा मुलगा असता तर दोन फोनांत मी त्याच्या आजोबांपर्यंत पोचलो असतो, पण नेब्रास्कात आपल्या ओळखीचं कोण? तेव्हा ठरवलं, त्यांच्या मुलखाचा इतिहास-भूगोल असा पाठ करायचा की व्याही पहिल्याच भेटीत आपला झाला पाहिजे. आणि खरं सांगू, जीवही कासावीस होत होता. लग्नानंतर दोघं तिकडेच राहायला जाणार. एकुलती एक पोर जिथे नांदणार, तिथली नदी कुठून येते एवढं तरी बापाला माहीत नको?

तीन आठवडे घोकंपट्टी केली. नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे, पाऊस चोवीस इंच, उत्तरेला वाळूच्या टेकड्या, दक्षिणेला मका, मका आणि मका. आसावरी भाजी चिरत असताना मी तिला काउंटीच्या स्थापनेचं साल विचारायचो (अठराशे त्र्याहत्तर, तिला अजून येत नाही). नकाशाशिवाय भूगोल म्हणजे मिठाशिवाय आमटी, हे तू वर्गात म्हणायचीस ते आठवून एक नकाशाही रंगवला. माहिती सगळी एकाच ठिकाणी मिळाली, मार्डन या तिथल्या मुख्य गावाच्या वेबसाइटवर. शाळेत एकाच गाईडवर पास व्हायचो, तोच भरवसा.

पाहुणे आले. वेस्लीचे वडील हॅरल्डराव सव्वासहा फुटी, मितभाषी, टोपी मांडीवर घेऊन बसलेले. पुरणपोळी झाल्यावर मी नकाशा भिंतीला लावला आणि सुरू झालो. भूगोल झकास गेला. मक्याला तर त्यांनी मान डोलावली. मग इतिहासात शिरलो, आणि काउंटीची कचेरी पेरिन नावाच्या झोपाळू गावातून मार्डनच्या शूर मंडळींनी कशी पळवली, भर दुपारी, पेरिनकर जेवायला बसलेले असताना, अख्खं दप्तर घोडागाडीत घालून, हे मी हातवाऱ्यांसह सांगितलं. हॅरल्डरावांचा चमचा ताटात पडला. वेस्लीने डोळे मिटून घेतले. ताई, ते पेरिनचे! दप्तर सांभाळायला होते ते त्यांचेच पणजोबा. तेव्हापासून त्या घरातल्या कोणी मार्डनमधून खिळ्यांची पुडीसुद्धा विकत घेतलेली नाही. हॅरल्डराव टोपी घालून उठले. पूर्वी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “बाबा, तुमचा भाषण झाली असेल तर मी आता रडू?” तिचं मराठी दुरुस्त करण्याचीही ताकद माझ्यात उरली नव्हती.

मी धावत जाऊन दार अडवलं आणि तोंडाला येईल ते बोलत सुटलो. म्हटलं, थांबा, आमच्या गावाचंही हेच झालंय! आणि निंबळ्याची तालुका कचेरी कासारखेडने कशी नेली, ते पहिल्यापासून सांगितलं. ट्रकमध्ये चढवलेली लाल फडक्यातली दप्तरं, ओसाड पडलेलं आवार, कासारखेडच्या एसटी स्टँडवर आजही पाण्याचा घोट न घेणारे आपले गावकरी. हॅरल्डरावांनी टोपी काढली. मी सांगत गेलो तसे ते जवळ सरकत आले, आणि शेवटी माझे दोन्ही हात धरून म्हणाले की पोरगी चांगल्या घरातली आहे. त्यांचे डोळे भरले होते. लग्न मे महिन्यात. मी बाथरूममध्ये नळ सोडून मनसोक्त रडून घेतलं. जिथे चोरीला गेलेलं दप्तर इतकी वर्षं विसरत नाहीत, तिथे माझ्या पोरीला कोण विसरेल गं? आता पोटभर जेवतोय आणि घोरतोय, असं आसावरी म्हणते.

पट्टा लाव. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
ज्ञानू

ता. क. बोलण्याच्या ओघात एक वाक्य जरा पुढे गेलं. आपले आबा त्या ट्रकसमोर आडवे झाले होते, असं मी सांगितलं. (दार अडवून उभा होतो, त्यामुळे सुचलं असावं.) आबा कचेरीत कारकून होते, दप्तराची यादी त्यांनीच केली आणि ड्रायव्हरशेजारी बसून बढतीवर कासारखेडला गेले, हे मला माहीत आहे, तू आठवण करून देऊ नकोस. हॅरल्डराव डिसेंबरात निंबळं बघायला येणार आहेत. तू जन्मात खोटं बोलली नाहीस, तेव्हा त्यांनी विचारलंच तर नुसती खोक.

ता. क. २. हॅरल्डराव पेरिनच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष आहेत. तिथे भिंतीवर पणजोबांच्या शेजारी आबांचा फोटो लावायचं त्यांनी ठरवलंय. आबांचा धड फोटो एकच आहे, गळ्यात हार असलेला. तो लगेच पाठव, पण आधी त्यांच्या डोक्यावरची ‘तालुका कचेरी, कासारखेड : उद्घाटन समारंभ’ ही पाटी कात्रीने काप. आबांची टोपी थोडी गेली तरी चालेल, पूर्वीचं लग्न वाचलं पाहिजे.