काळ्या चिठ्ठीचा माणूस

३ डिसेंबर २००१, सोमवार
पडलंच गळ्यात! जानेवारीत भूज हादरलं, तेव्हा वरून पत्र आलं होतं: प्रत्येक हॉस्पिटलने आपत्तीचा आराखडा करावा. ते पत्र दहा महिने आमच्या सुपरिंटेंडेंटच्या, म्हणजे सोढीसाहेबांच्या टेबलावर समोशाच्या बशीखाली होतं. आज कुणीतरी बशी उचलली. साहेब म्हणाले, "डॉक्टर आसावरी, आप मराठी लोग बड़े सिस्टेमॅटिक होते हो जी." म्हणजे करा तुम्हीच! मी भूल देणारी डॉक्टर. जन्म गेला माणसं झोपवण्यात, आता अख्खं हॉस्पिटल जागं करायचं.

घरी यतीनला सांगितलं. म्हणे, "सुरुवात आपल्या कपाटापासून कर." नवरा युनिव्हर्सिटीत शेवाळावर संशोधन करतो. विनोदांवरही तेच साचलंय.

८ डिसेंबर
कमिटीची पहिली बैठक. दीड तास. पैकी सव्वा तास हा प्रश्न — ड्रिलच्या दिवशी चहाबरोबर ब्रेडपकोडा की बिस्किटं?

उरलेल्या पंधरा मिनिटांत मी चिठ्ठ्या समजावल्या. एकदम खूप जखमी आले की दारातच प्रत्येकाच्या मनगटाला नंबर घातलेली रंगीत चिठ्ठी बांधायची. लाल — ताबडतोब आत. पिवळी — थोडा वेळ थांबू शकतो. हिरवी — बोलतोय, चालतोय, बाकावर बसवा. काळी — गेला.

सोढीसाहेब दचकले. "काला अशुभ लगता है. गुलाबी कर दो."

गुलाबी! मेलेल्याला! मी हटून बसले. काळीच राहिली. (पकोडाच ठरला.)

१४ डिसेंबर
काल संसदेवर हल्ला झाला. आज सगळ्यांचे चेहरे उतरलेले. सरहद्द इथून काही फार लांब नाही. सोढीसाहेब स्वतः चालत माझ्या खोलीत आले — बारा वर्षांत पहिल्यांदा! "वो प्लॅन… कहाँ तक पहुँचा?"

ड्रिल बावीस तारखेला.

स्वानंदीला विचारलं, भीती वाटते का गं? "नहीं मम्मा. स्कूल बंद होगा क्या?" आठ वर्षांची आहे. सगळं कसं स्वच्छ दिसतं तिला.

२२ डिसेंबर
ड्रिल. देवा रे!

नर्सिंगच्या मुलींची परीक्षा होती, म्हणून खोटे जखमी म्हणून सफाईवाल्या बायका उभ्या केल्या. टोमॅटो सॉस फासला. अँब्युलन्स सुरूच होईना. ढकलत आणली, आणि ढकलणाऱ्यांत दोन जखमी होत्या. दाढ दुखते म्हणून आलेल्या एका खऱ्याखुऱ्या माणसाला कुणीतरी लाल चिठ्ठी बांधून थेट ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत नेलं. तो बोंबलतोय, "ओ जी, दाँत है, दाँत!"

वॉर्ड चारची बिमला — पन्नाशीची, तोंडाने फटकळ — तिच्या वाट्याला काळी चिठ्ठी आली. लॉनवर झोपवली. मग सगळे पकोड्यांकडे पळाले आणि तिला विसरले. तासाभराने मी तिथून चालले होते, तर पडल्यापडल्याच म्हणाली, "मॅडम जी, उठ जाऊँ? मुर्दे को भी ठंड लगती है."

पोट धरून हसले. तिला स्वतःच्या हाताने चहा नेऊन दिला.

शेवटी माझं भाषण. काळी चिठ्ठी बांधण्याआधी हनुवटी वर करा, श्वासाची वाट मोकळी करा, छातीकडे दहा सेकंद बघा. दहा! मनात मोजा! फार छान बोलले. सोढीसाहेबांनी अहवालात लिहिलं — ड्रिल यशस्वी.

५ जानेवारी २००२
सूर्य बेपत्ता. पाच दिवस नुसतं धुकं. समोरच्या सेक्टरातली घरं आहेत की नाही, देव जाणे.

७ जानेवारी
घरी येऊन तीनदा हात धुतले. लिहिते.

सकाळी सव्वाआठ. शहराबाहेर खरड गावाच्या बाजूला धुक्यात बस आणि ट्रक समोरासमोर धडकले. चौतीस माणसं. कुणी टेंपोतून, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून — जे सापडेल त्यातून आणली. मी गेटवर चिठ्ठ्यांचा डबा घेऊन उभी. आणि गंमत सांगू? आराखडा चालला! अँब्युलन्स पहिल्या झटक्यात सुरू झाली. स्ट्रेचर जागेवर होती. सोढीसाहेब पगडी सुटायला आलेली असताना स्वतः स्ट्रेचर ढकलत होते, तोंडाने अस्सल पंजाबी शिव्या. त्या क्षणी मला ते आवडले.

माझ्या तोंडात फक्त, "ये लाल. अगला. ये पीला. अगला. ये गया. अगला." भाजी निवडावी तशी माणसं निवडत होते. काळ्या चिठ्ठ्या तीन. त्यांना मागच्या व्हरांड्यात ठेवलं.

तासात गेट रिकामं.

९ जानेवारी
पेपरात नाव आलं. चुकीचं — 'असावरी'. चालेल. सव्वीस जानेवारीला परेड ग्राउंडवर सन्मान होणार म्हणे! सोढीसाहेब सगळ्यांना सांगत फिरताहेत, "मैंने ही इनको चुना था." समोशाची बशी विसरले.

आईला सांगलीला फोन केला. रडली. यतीनने साडी घेऊ म्हटलं. मीही नाही म्हटलं नाही. आरशासमोर उभी राहून सन्मान कसा स्वीकारायचा तेसुद्धा करून पाहिलं. लाज वाटते लिहायला, पण पाहिलं.

१२ जानेवारी
रजिस्टर पुरं करायला बसले होते. गेटवर मी नोंदवलेल्या काळ्या चिठ्ठ्या तीन. शवागारात त्या दिवशीचे मृतदेह दोन.

पुन्हा मोजलं. दोनच.

अकरा नंबर कुठे गेला? शोधत शोधत वॉर्ड चारमध्ये पोचले. नऊ नंबरची खाट. करनैल सिंग, पन्नास वर्षं. पोटात प्लीहा फाटली होती, काढून टाकली, आता बरा आहे. झोपला होता. खाटेच्या कप्प्यात त्याचे कागद, त्यांना टाचलेली लाल चिठ्ठी. नंबर अकरा. अक्षर माझं नाही. वाकडंतिकडं.

बिमला फरशी पुसत होती. माझ्या हातातली चिठ्ठी बघून थांबली.

"मैंने बदली, मॅडम जी. चादर डालने गई थी पीछे. सोचा, एक बार देख लूँ. मैं भी तो पड़ी थी उस दिन, काली वाले को कोई मुड़ के नहीं देखता. आपने बोला था वैसे ठोड़ी उठाई. गले से घर्र-घर्र आया. उँगली डाल के साफ़ किया. फिर मैं ही धकेल के अंदर ले गई."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"किसको बोलती? नौकरी जाती. मेरी भी, आपकी भी."

फडकं पिळलं आणि पुन्हा पुसायला लागली.

आता आठवतोय तो. दोन स्वेटर, वर घोंगडी. ओठ निळे, हात बर्फ. मी मनगट धरलं, नाडी लागली नाही. हनुवटी वर केली नाही. छाती बघितली नाही. दहा सेकंद? दोनही नाही थांबले.

१३ जानेवारी
यतीनला सांगितलं. एकही विनोद केला नाही त्याने.

१४ जानेवारी
आज संक्रांत. तिळगूळ करायचा राहिला.

सोढीसाहेबांना लेखी दिलं. चूक माझी, माणूस बिमलाने वाचवला, सन्मान तिचा. त्यांनी कागद दोनदा वाचला. उठून दार लावलं.

"आसावरी जी, बंदा ज़िंदा है ना? तो बात ख़त्म."

"नाही सर."

"सफ़ाईवाली को मंच पर भेजूँ? लोग पूछेंगे क्यों. फिर क्या बोलूँ?"

"जे झालं ते."

पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाले, "आपकी इन्क्वायरी बैठ सकती है. पता है ना?" म्हटलं, पता आहे. मराठी-हिंदी असं काहीतरी मी बोलले. त्यांनी कागदावर तारीख टाकली. सही केली. फाडला नाही!

बाहेर येऊन बिमलाला सांगितलं. "परेड ग्राउंड? उस दिन तो मेरी डबल ड्यूटी है!" — आणि माझ्यावरच चिडली.

१६ जानेवारी
त्याला सांगणं बाकी होतं. आज गेले. करनैल सिंग उशीला टेकून बसला होता, डोळे मिटलेले. मी सिस्टरला त्याचं बीपी विचारलं, तेवढ्या आवाजावरून ओळखलं त्याने.

"गेट पर आप ही थीं ना जी? हिल नहीं पाया, पर सुन रहा था. 'ये गया. अगला.'"

मी पाठ करून आलेलं सगळं विसरले.

त्याने डोळे उघडले. "एक बात पूछनी थी. वो अगला… वो बच गया?"

पुढची एक मुलगी होती. वाचली. परवाच घरी गेली.

तेवढं मात्र सांगता आलं.